तानपुऱ्याची जवारी आणि संगीतातली पीएच.डी.

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : मी मिरजेची, वय २६. बी.कॉम. झाल्यावर संगीतात एम.ए. केले, विशारद आहे आणि गेली नऊ वर्षे मिरजेतच गुरुजींकडे ख्यालगायन शिकते आहे. सध्या एका शाळेत संगीत शिकवते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये म्युझिकॉलॉजी अथवा एथ्नोम्युझिकॉलॉजी या विषयात पीएच.डी. करावी असे मनात आहे आणि येत्या डिसेंबरात अर्ज करायचे आहेत. या दोन विषयांत फरक कोणता? मला पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नाही, ते आड येईल का? गुरुजी म्हणतात, ‘गाणे कागदावर उतरत नाही, तिकडे जाऊन काय करणार?’ आई म्हणते, ‘शिकून आल्यावर नोकरी कोण देणार?’ अर्जासाठी लिहिलेले निवेदन सोबत जोडले आहे. ता.क. गेल्या आठवड्यात तानपुऱ्याची जवारी काढायला (म्हणजे तारांखालच्या घोडीचा पृष्ठभाग घासून आवाजाचा झणकार जुळवून घ्यायला) गेले होते. आमचे कारागीर सांगत होते, की हल्ली मुले मोबाइलवरचा तानपुरा ऐकवतात आणि ‘अशी जवारी काढून द्या’ म्हणतात. हसू आले आणि वाईटही वाटले. जायचे ठरलेच तर तानपुरा बरोबर नेता येईल का?

उत्तर :

तुमचे पत्र आणि सोबतचे निवेदन मी दोनदा वाचले, आणि सुरुवात तुम्हाला कदाचित न रुचणाऱ्या सल्ल्याने करते. येत्या डिसेंबरात अर्ज करू नका, त्याच्या पुढच्या डिसेंबरात करा. तुमची पात्रता कमी आहे असे मुळीच नाही. दोन पानांच्या निवेदनात तुम्ही लहानपणापासूनची गाण्याची आवड, घरातले वातावरण, गुरुजींची तालीम, परीक्षांतल्या श्रेणी आणि भारतीय संगीताची थोरवी हे सारे नेटकेपणाने मांडले आहे. परंतु तुम्हाला नेमके काय शोधून काढायचे आहे, याविषयी त्यात एकही वाक्य नाही. जी हकिकत वाचून निवड समितीतला एखादा प्राध्यापक थबकला असता आणि त्याने ते पान बाजूला काढून ठेवले असते, ती तुम्ही निवेदनात न घालता मला लिहिलेल्या पत्राच्या ताज्या कलमात घातली आहे. तिच्याकडे मी पुढे येईनच. आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरे देते.

आपल्याकडे ‘संगीतशास्त्र’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे विशारदच्या परीक्षेतला शास्त्राचा पेपर उभा राहतो : थाट, वादी-संवादी, रागांचे समय, तालांचे ठेके, मिळत्याजुळत्या रागांची तुलना. हे शास्त्र गाणाऱ्याला गाण्यासाठी लागते. विद्यापीठातली म्युझिकॉलॉजी ही त्याहून निराळी, संगीताकडे ज्ञानाचा विषय म्हणून पाहणारी शाखा आहे, आणि तिला गायकाच्या उपयोगी पडण्याची सक्ती नाही. गुइडो आडलर या ऑस्ट्रियन अभ्यासकाने १८८५ मध्ये या शाखेची आखणी करताना तिचे ऐतिहासिक आणि व्यवस्थाविषयक असे दोन भाग पाडले, आणि निरनिराळ्या लोकांच्या संगीताची तुलना दुसऱ्या भागाच्या एका कोपऱ्यात ठेवली. त्याच वर्षी लंडनमध्ये अलेक्झांडर एलिस यांनी जगातल्या अनेक स्वरसप्तकांची मापे प्रसिद्ध केली. सप्तकाचे १२०० सेंट मानून स्वरांतरे मोजण्याची जी पद्धत आज प्रत्येक ट्यूनर अ‍ॅपमध्ये दिसते, ती त्यांचीच. गंमत अशी, की एलिस यांना स्वतःला स्वराचा कान जवळजवळ नव्हता. ऐकण्याचे काम त्यांचे सहकारी हिपकिन्स करीत. त्यांनी मोजलेल्या वाद्यांत सतारही होती, आणि निसर्गाने सर्व मानवजातीला एकच एक सप्तक दिलेले नाही, या निष्कर्षाला त्या मोजमापांचा आधार होता. मिरजेच्या माणसाने हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

तुलनेच्या त्या कोपऱ्याला एथ्नोम्युझिकॉलॉजी हे नाव १९५० मध्ये याप कुन्स्त या डच अभ्यासकाने दिले. जावा बेटावरच्या गामेलान वाद्यवृंदाच्या अभ्यासात त्यांचे आयुष्य गेले होते. अमेरिकेत १९५५ मध्ये या विषयाची संस्था स्थापन झाली, आणि १९६४ मध्ये अ‍ॅलन मेरियम यांनी संगीत हा ध्वनी तर आहेच, पण तो माणसांच्या वागण्याचा आणि धारणांचाही भाग आहे, अशी मांडणी केल्यावर विषयाचा कल मानवशास्त्राकडे झुकला. म्हणून ढोबळ फरक असा सांगतात, की म्युझिकॉलॉजीवाला जुन्या संहिता, हस्तलिखिते आणि स्वरलिपी घेऊन ग्रंथालयात बसतो, तर एथ्नोम्युझिकॉलॉजीवाला ध्वनिमुद्रक घेऊन माणसांत जाऊन राहतो. पूर्वी या फरकामागे ‘युरोपचे संगीत इकडे आणि उरलेल्या जगाचे तिकडे’ अशी एक उद्धट वाटणीही होती. ती आता उघडपणे कोणी मांडत नाही, पण विभागांच्या रचनेत तिच्या खुणा उरल्या आहेत. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात (यूसीएलए) दोन्ही विषयांचे स्वतंत्र विभाग आहेत. कोलंबिया आणि शिकागो येथे एकाच संगीत विभागात दोन्ही शाखा नांदतात, आणि इंडियाना विद्यापीठात एथ्नोम्युझिकॉलॉजीचा संसार लोकसाहित्याबरोबर मांडलेला आहे. हा तपशील कोरडा वाटेल, परंतु तुमच्या शेजारच्या टेबलावर बाखचा अभ्यासक बसणार आहे, मानवशास्त्रज्ञ बसणार आहे की लोककथांचा संग्राहक, हे यावरूनच ठरते, आणि पाचसहा वर्षांत शेजाऱ्यांचा परिणाम गुरूइतकाच होतो.

केवळ संगीत विभागांतच शोधू नका, असेही सुचवते. भातखंडे आणि पलुस्कर यांच्याविषयी इंग्रजीत बराच गाजलेला ग्रंथ लिहिणाऱ्या जानकी बखले इतिहासाच्या प्राध्यापक आहेत. दक्षिण आशियाचा अभ्यास, मानवशास्त्र, धर्माचा अभ्यास अशा विभागांतूनही संगीतावर प्रबंध लिहिले जातात, आणि कधी कधी तेथे मराठी जाणणारे मार्गदर्शक सापडण्याची शक्यता संगीत विभागापेक्षा अधिक असते.

आता गुरुजींच्या वाक्याविषयी. गाणे कागदावर उतरत नाही हे त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि या विषयातल्या जाणत्यांनी ते कधी नाकारलेलेही नाही. अमेरिकन अभ्यासक चार्ल्स सीगर यांनी १९५८ मध्येच स्वरलेखनाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले होते : कसे गावे किंवा वाजवावे हे सांगणारे लेखन, आणि प्रत्यक्षात काय गायले गेले हे टिपणारे लेखन. भातखंड्यांची स्वरलिपी पहिल्या प्रकारची आहे. ज्याला राग आधीच ठाऊक आहे त्याला ती बंदिशीची आठवण करून देते, आणि मधली मींड, आंदोलन, श्वास हे सारे गुरूकडे सोपवते. तिच्यावर ‘हे गाणे नव्हे’ असा आक्षेप घेणे म्हणजे नकाशात धूळ उडत नाही अशी तक्रार करण्यासारखे आहे. शिवाय ज्यांनी ती लिपी रूढ केली ते विष्णु नारायण भातखंडे, पेशाने वकील, गावोगाव आणि संस्थानोसंस्थानी फिरून, उस्तादांच्या विनवण्या करून बंदिशी गोळा करीत होते, आणि हाती लागलेल्या सामग्रीवर त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार खंड मराठीत, गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात लिहिले. क्षेत्रकार्य हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हते इतकेच. गुरुजींना हवे तर हे सांगा. मात्र वाद घालण्यासाठी सांगू नका, कारण पुढे त्यांचीच मुलाखत घेण्याची वेळ तुमच्यावर येणार आहे.

तुमच्या नऊ वर्षांच्या तालमीला तेथे किंमत आहे का, हा या प्रश्नाचा दुसरा पैलू. आहे, पण वेगळ्या हिशेबाने. यूसीएलएचे मँटल हूड यांनी १९६० मध्ये असा आग्रह धरला होता, की ज्या संगीताचा अभ्यास करायचा ते अभ्यासकाला प्रत्यक्ष गाता-वाजवता आले पाहिजे. दुभाषी माणसासारखा तो दोन संगीतांत वावरला पाहिजे. हा आग्रह पुढे अनेक विभागांत मुरला, आणि कनेक्टिकट राज्यातल्या वेस्लियन विद्यापीठासारख्या ठिकाणी तर गायन-वादन हा शिक्षणाचा कणाच आहे. तेव्हा तुमचा कान आणि गळा ही तेथे संशोधनाची साधने मानली जातील. मात्र ‘मी उत्तम गाते’ हे प्रवेशाचे कारण होऊ शकत नाही. ‘मी नऊ वर्षे गाते, म्हणून मला अमुक गोष्ट खटकली’ हे होऊ शकते. उत्तम गाण्यासाठी परदेशात पीएच.डी. करायला जाऊ नये. रियाजाला तेथे वेळ मिळत नाही आणि पाचव्या वर्षी गळा बसलेला असतो. हे मी स्वानुभवाने सांगते आहे.

पाश्चात्त्य स्वरलिपीची भीती मनातून काढा, पण ती शिका. काही विभागांत प्रवेशानंतर पाश्चात्त्य संगीताच्या मूलभूत ज्ञानाची चाचणी घेतात, आणि कमी पडल्यास एखादा अभ्यासक्रम अधिक करावा लागतो. त्यासाठी कोणाला परत पाठवत नाहीत. पाच रेषांवरचे स्वर, कालमात्रा, साधे स्वरसंवाद एवढे सांगलीत किंवा कोल्हापुरात कीबोर्ड शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाकडून सहा महिन्यांत येईल. जी गोष्ट सहा महिन्यांत येत नाही, ती म्हणजे लिहिणे, आणि तुमची खरी परीक्षा तेथे आहे.

अर्जाबरोबर साधारण पंधरा ते पंचवीस पानांचा एक निबंध मागतात. तुम्ही एम.ए.चा प्रकल्प पाठवण्याचा विचार करता आहात, असे दिसते. तो पाठवू नका. मी तो पाहिलेला नाही, तरी त्याचा आराखडा मला सांगता येईल असे वाटते : संगीताची उत्पत्ती, मग भरत, मतंग, शार्ङ्गदेव, मग घराण्याचा इतिहास, मग गायकाचे चरित्र, मग ‘अशा प्रकारे’ने सुरू होणारा उपसंहार. मीही असाच लिहिला होता. परदेशातल्या पहिल्या सत्रात मी चाळीस संदर्भ देऊन लिहिलेला निबंध परत आला, तेव्हा समासात एकच ओळ होती : ‘हे सगळे बरोबर आहे, पण यात तुमचे म्हणणे कोणते?’ मला तेव्हा अपमान वाटला होता, आणि पुढचे दोन महिने मी त्या प्राध्यापकांवर मनातल्या मनात चिडलेली होते. आपल्या शिक्षणात ग्रंथांतरीचे नीट एकत्र करणे ही गुणवत्ता समजली जाते. तेथे तो केवळ पूर्वतयारीचा भाग असतो, आणि उद्धृतचिन्ह न देता दुसऱ्याची वाक्ये घेणे हा तर हकालपट्टीपर्यंत नेणारा गुन्हा असतो. आपल्याकडच्या अनेक प्रबंधांत तो सर्रास आढळतो हे तुम्हाला ठाऊक असेलच. ती सवय विमानात बसण्याआधी मोडलेली बरी.

आता त्या ताज्या कलमाकडे येते, कारण तुमचे हे मधले वर्ष त्यावरच खर्च व्हावे असे मला वाटते.

मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्ये बनतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचा मूळ धंदा मंदावला तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर सतारी आणि तानपुऱ्यांकडे वळले. आडनावाच्या जागी ‘सतारमेकर’ हा शब्द आला. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, आणि गावाचे नाव गवयांच्या नकाशावर कायमचे उमटले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे सगळे तुम्हाला माहीत आहे, किंबहुना इतके माहीत आहे की ते तुम्हाला संशोधनाचा विषय वाटलेच नाही.

आणि प्रश्न तर तुमच्यापुढे येऊन उभा राहिला. आजवर तानपुऱ्याचा आवाज यंत्रात भरला जात होता. आता यंत्रातला आवाज तानपुऱ्यात मागितला जातो आहे. खुली (अधिक झणकाराची) जवारी कोणाला हवी, बंद (दबलेल्या झणकाराची) कोणाला, स्त्रीच्या स्वराच्या तानपुऱ्याला कारागीर निराळा हात लावतात का, अमुक घराण्याच्या गवयांची मागणी पूर्वी कोणती होती, आणि जवारी ‘बोलली’ हे शेवटी ठरवतो कोण, गवई की कारागीर? घोडीच्या त्या किंचित उताराच्या पृष्ठभागामुळे तारेतून इतके उपस्वर कसे उमटतात, याचे भौतिकशास्त्र चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्येच मांडले होते, त्यामुळे त्या बाजूने तुम्हाला फारसे करण्यासारखे नाही. परंतु ‘चांगला आवाज’ म्हणजे काय हे एका गल्लीत, कानस आणि दोरा हातात धरून, रोज कसे ठरते आणि गेल्या वीसतीस वर्षांत ते कसे बदलले, हे कारागिराला ‘बाबा’ म्हणून हाक मारू शकणारी आणि स्वतः त्या तानपुऱ्यावर गाणारी व्यक्तीच लिहू शकेल. बाहेरून आलेल्या संशोधकाला जवारीतला फरक कानाने ओळखायलाच दोन वर्षे लागतील.

या विषयाला मोठा इतिहासही जोडता येतो. वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन (तारांची, फुंकीची, चामड्याने मढवलेली आणि आघाताने वाजणारी) हे नाट्यशास्त्रकार भरताचे चार वर्ग आपण परीक्षेसाठी पाठ करतो. कलकत्त्याचे सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ मध्ये बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा संग्रह भेट दिला. ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचे व्हिक्टर माहिलाँ यांनी आपल्या सूचीसाठी चार वर्गांचीच व्यवस्था स्वीकारली. आणि तिच्यावरूनच होर्नबॉस्टेल व झाक्स या अभ्यासकांनी १९१४ मध्ये ते वर्गीकरण बेतले, जे आज जगभरची संग्रहालये वापरतात. तुमच्याच टापूत अशी आणखी एक कथा आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर) इंग्रजीत पुस्तक काढले, आय.सी.एस. अधिकारी क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ लाभली, श्रुती-हार्मोनियम तयार झाली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत श्रुतींवरून वाद रंगला. यंत्राने स्वर ठरवावा की गळ्याने, हा तोच प्रश्न शंभर वर्षांनी मोबाइलच्या रूपाने सतारमेकर गल्लीत आला आहे. तुमच्या निवेदनाचा पहिला परिच्छेद येथे आहे. बालपणाला त्यात अर्ध्या ओळीची जागा पुरे.

वर्षभरात काय करायचे ते सांगते. आठवड्यातून दोनदा, ठरावीक वेळी, काम चालू असताना जाऊन बसा, आणि पहिला महिनाभर काहीही ध्वनिमुद्रित करू नका. रात्री घरी आल्यावर, झोपण्यापूर्वी, टिपणे लिहा. दुसऱ्या दिवसावर टाकलेले टिपण अर्धे खोटे असते. ध्वनिमुद्रण सुरू कराल तेव्हा आधी परवानगी घ्या, ते कशासाठी आहे आणि कोण ऐकणार आहे हे स्पष्ट सांगा, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या कुटुंबाला द्या. मोबाइलच्या दाबून लहान केलेल्या फाइलऐवजी वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट एवढ्या दर्जाने मुद्रण करणारे साधे हातातले यंत्र घ्या, कारण जवारीचे सारे मर्म त्या बारीक उपस्वरांत आहे. तारीख, जागा, वाद्य, स्वर, हजर असलेली माणसे यांची नोंद प्रत्येक फाइलबरोबर ठेवा. विद्यापीठात गेल्यावर माणसांशी संबंधित संशोधनासाठी नीतिसमितीची मान्यता घ्यावी लागते. तेथले अर्ज कंटाळवाणे असतात, पण हे आधीपासून अंगवळणी असले की जड जात नाही.

आणखी एका गोष्टीची जाणीव ठेवा. तुम्ही त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जाता, गवयांच्या बाजूने जाता. मैफलीच्या पत्रिकेवर तानपुऱ्यावर बसणाऱ्या शिष्याचे नाव असते, तानपुरा घडवणाऱ्याचे नसते. कारागीर तुम्हाला जे सांगतील ते गिऱ्हाइकाला सांगण्याजोगे असेल, आणि गवयांविषयी त्यांचे जे खरे मत आहे ते कदाचित सहाव्या महिन्यात ऐकू येईल. ते ऐकल्यावर छापायचे किती आणि गिळायचे किती, हेही तुम्हालाच ठरवावे लागेल. गाव लहान आहे, आणि तुम्हाला तेथे परत यायचे आहे.

हे कसे करतात ते पाहायचे असेल तर दूर जायला नको. अशोक दा. रानडे हे मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक. आदिम संगीतापासून जनसंगीतापर्यंत संगीताच्या कोटी पाडून त्यांनी मराठीत आणि इंग्रजीत जे लिहिले, ते प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने परदेशी सिद्धांत वाचण्याआधी वाचावे. पुण्याचे गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. त्या ओव्या गाणारीच्या नावानिशी आणि गावानिशी नोंदवल्या आहेत, आणि नोंद कशी ठेवावी याचा तो वस्तुपाठ आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेले एथ्नोम्युझिकॉलॉजीचे संग्रह व संशोधन केंद्र आता गुरुग्राम येथे आहे. सुट्टीत आठवडाभर तेथे जाऊन ऐकत बसा. खर्चाच्या मानाने तुमच्या एम.ए.च्या वर्षापेक्षा अधिक शिकून याल.

आईच्या प्रश्नाला मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. या विषयात प्राध्यापकाच्या कायम जागा तेथेही फार थोड्या आहेत. त्यातच २०२४-२५ पासून अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी मानव्यविद्यांच्या पीएच.डी.चे प्रवेश कमी केले किंवा एखाद्या वर्षापुरते थांबवले आहेत. पदवी मिळवलेल्यांतले काही जण ध्वनिसंग्रह, संग्रहालये, ग्रंथालये, प्रकाशन अशा कामांत जातात, काही परत येऊन शिकवतात, आणि काही जण पूर्णपणे दुसऱ्या क्षेत्रात जातात. म्हणून माझा एक नियम आहे आणि तो मी कोणालाही मोडू देत नाही : या विषयासाठी कर्ज काढू नये. अमेरिकेतल्या संशोधन विद्यापीठांत पीएच.डी.ला प्रवेश देताना शुल्कमाफी आणि निर्वाहभत्ता, बहुधा पाच वर्षांसाठी, दिला जातो आणि त्या बदल्यात काही सत्रे पदवीच्या मुलांना शिकवावे लागते. एम.ए.ला मात्र असे पैसे क्वचितच मिळतात. ‘प्रवेश आहे, पैसे नाहीत’ असे पत्र आले तर ते नकाराचेच पत्र समजा. इंग्लंडमध्ये पीएच.डी. तीनचार वर्षांची असते, वर्ग जवळजवळ नसतात, विषयाचा आराखडा अर्जातच पक्का असावा लागतो, आणि परदेशी विद्यार्थ्यासाठी पैशांची सोय वेगळी शोधावी लागते. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती हा त्यातला एक मार्ग. तुमच्यासारख्या, विषय अजून घडत असलेल्या विद्यार्थिनीला अमेरिकेची दोन वर्षांच्या वर्गांनी सुरू होणारी पद्धत अधिक मानवेल असे मला वाटते, जरी तिला एकूण सहासात वर्षे लागतात.

पाचसहापेक्षा अधिक ठिकाणी अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाचे शुल्क शंभर डॉलरच्या आसपास असते. विद्यापीठाच्या क्रमवारीपेक्षा दक्षिण आशियाच्या संगीतावर किंवा वाद्यांवर काम करणारा प्राध्यापक तेथे आहे का, तो पुढची पाच वर्षे तेथेच राहण्याच्या वयाचा आहे का, आणि त्याच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध पुरे होतात का, ते पाहा. सप्टेंबरात त्याला छोटे पत्र लिहा : आपण कोण, प्रश्न कोणता, त्याचे कोणते लेखन वाचले आणि त्यातले काय पटले नाही. शेवटचा भाग लिहायला आपल्या संस्कारांत जड जाते, पण ‘आदरणीय महोदय, आपल्या चरणी’ छापाच्या पत्राला उत्तर येत नाही. शिफारसपत्रांपैकी एक गुरुजींचे असू द्या, पण इतर दोन तुमचे लेखन वाचलेल्या व्यक्तींची हवीत. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता बहुतेक संगीत विभाग मागत नाहीत. इंग्रजीची परीक्षा मात्र द्यावी लागेल. तिकडची पदवी चार वर्षांची असते, पण एम.ए. झालेले असल्यामुळे आपल्या तीन वर्षांच्या पदवीची अडचण बहुधा येणार नाही. निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात, आणि आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावाला उत्तर देण्यासाठी बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. त्याआधी कोणी घाई केली तरी घाबरू नका.

दरम्यान संगीत विषयात नेट-जेआरएफची (आपल्याकडच्या संशोधन पाठ्यवृत्तीची) परीक्षाही देऊन ठेवा. महिना ३७,००० रुपयांच्या पाठ्यवृत्तीवर हाच विषय पुण्यात, मुंबईत किंवा दिल्लीत करता येतो, आणि पुण्यामुंबईहून मिरज एका रात्रीच्या रेल्वेवर आहे. हा पर्याय मी दुय्यम म्हणून सांगत नाही. मार्गदर्शक वाचणारा आणि प्रश्न विचारू देणारा मिळाला, तर आईच्या प्रश्नाचे उत्तरही त्यात अधिक सोपे आहे. तसा मार्गदर्शक मिळणे हाच काय तो कठीण भाग.

राहिला तानपुऱ्याचा प्रश्न. नेता येतो, पण मोठा, पूर्ण भोपळ्याचा नेऊ नका. मी नेला होता. तारा सैल करून, भोपळ्यात कपडे भरून, चांगल्या पेटीत घालूनही तो पहिल्याच हिवाळ्यात तडकला, कारण तिकडच्या घरांत गरम हवेच्या झोतांनी ओलावा पार नाहीसा होतो. प्रवासासाठी बनवतात तसा चपट्या अंगाचा लहान तानपुरा घ्या. आणि निघण्यापूर्वी कारागिरांकडून जवारी काढायला शिकून घ्या, कारण तेथे शेकडो मैलांत ती काढून देणारे कोणी भेटणार नाही. ते आधी नाही म्हणतील, मग एखादी जुनी, टाकाऊ घोडी घासायला देतील. तुमच्या टिपणवहीचे पहिले पान त्या दिवशी लिहा.